मागच्या सीटचा फोम

बसा भाऊ. लाइट आल्याशिवाय शिलाई मशीन चालायचं नाही, आणि या धुक्यात घाट उतरायची तुम्हालाही घाई नसावी. कंदील इथं मधे ठेवतो. सीट कुठली घ्यायची ते सावकाश ठरवू. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमची जुनी सीट उसवली की आतला फोम मी गोणीत भरून तुमच्याच हातात देणार. घरी न्या, फेका, जाळा, तुमची मर्जी. माझ्या दुकानात त्याचा तुकडाही राहणार नाही. जव्हारमधले लोक यावरून माझी टर उडवतात. उडवू देत.

गेल्या भाद्रपदात देवराम गुरुजी आले होते, तुमच्यासारखेच. पोशेऱ्याचे, शाळेत शिक्षक. वडिलांची जुनी बुलेट, अजून एका किकमध्ये सुरू होणारी. दुपारचे तीन वाजले असतील, पण धुकं असं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. म्हणाले, "भास्करभाऊ, एकट्याची सीट करायची आहे."

मी खूश झालो. असलं काम आमच्याकडे वर्षातून एखादं येतं. तीन नमुने काढून ठेवले. एक सपाट, एक मागून उचललेला, एक खाली दोन स्प्रिंगा असलेला, सायकलच्या सीटसारखा. रेक्झिनचे रंग मांडले. गिऱ्हाईक कसं करतं, बसून बघतं, दाबून बघतं, मळखाऊ रंग कोणता ते विचारतं. गुरुजींनी यातलं काही केलं नाही. गाडीच्या मागच्या पत्र्यावर हात ठेवून विचारलं, "यातली कुठली लावली तर मागं कुणालाच बसता येणार नाही?"

मी आपला हसलो. "स्प्रिंगवाली घ्या. मागं मांजरसुद्धा टिकायचं नाही."

ते हसले नाहीत. "मग ती करा. आणि बायका पाय ठेवतात ती डाव्या बाजूची फळी, साडीची जाळी, तेही काढून टाका."

माझी बायको प्रमिला मशीनवर कव्हर शिवत होती. तिचं मशीन थांबलं. तिचं माहेर मोखाड्याचं, तिला ठाऊक होतं. मला काही माहीत नव्हतं, म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "वहिनी चालत येणार का मग?"

 गुरुजी खाली बघून सांगायला लागले.

"चैत्रात सूर्यमाळहून येत होतो, तिच्या माहेराहून. प्रतिभा मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर नाचणीच्या पिठाची पिशवी. मी बोलत होतो. पडवीवर पत्रे घालू, आईचे डोळे दाखवून आणू, असलंच. मोखाड्याच्या अलीकडे गाडी थांबवली, मागं वळून बघितलं तर ती नव्हती. चार किलोमीटर मागं पडली होती, भाऊ, जागीच गेली. मला कळलंही नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण ती हूं म्हणत होती… मी काही बोललो की मागून हूं. शेवटपर्यंत."

प्रमिलाने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

"आता पुन्हा मागं वजन लागतं. चढावर गाडी मागं ओढते. गाडीवर मी तोंडातून शब्द काढत नाही. बोललो आणि मागून उत्तर आलं तर… मला फक्त रोज धड घरी पोचायचंय. आईला दिसत नाही फारसं. माझ्याशिवाय तिला कोणी नाही."

जाताना बजावून सांगितलं, "जुनी सीट जाळून टाका." मी हो म्हटलं.

आता माझं ऐका. माणसाला कामाची घमेंड असते, ती नडते. मी सीट उसवली. पुढचा फोम गुरुजींच्या वजनाने पार चपटा झालेला. पण मागचा अर्धा भाग ताठ, दाबला की लगेच वर येणारा. असा फोम आता बघायला मिळत नाही. नवा घातला तर सहा महिन्यांत बसतो आणि नाव माझं खराब होतं. मी मागचा तुकडा कापून बाजूला ठेवला. कापताना ताज्या दळलेल्या नाचणीचा वास आला. मला वाटलं, शेजारी कुणी दळण आणलं असेल.

"जाळायला दिलंय ते जाळा," प्रमिला म्हणाली.

"फोमला काय कळतंय?"

"तुम्हाला तरी काय कळतंय," ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो तुकडा मी एकट्याच्या सीटमध्ये घातला. वर तपकिरी रेक्झिन चढवलं, खिळे मारले. इतकी देखणी सीट मी आजवर केली नव्हती. गुरुजी घेऊन गेले.

महिन्याने परत आले. दिवसाढवळ्या दिवे लावायची पाळी आली होती, धुकं तसंच. खांद्याला शाळेची पिशवी होती. माणूस वाळून गेलेला. मी विचारलं, "मागचं वजन गेलं ना?"

"गेलं. मागं कोणी नाही." ते खुर्चीत बसले. "पण आता मीच मागं बसल्यासारखं वाटतं. मी वळवायच्या आधी गाडी वळते. ब्रेक मी दाबायच्या आधी लागतो. आणि काल घाटात… मी हूं म्हणालो. कुणी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणालो." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सीटमध्ये काय घातलंत?"

"नवा फोम," मी म्हटलं.

प्रमिला माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली असती तर परवडलं असतं. शेवटी मीच मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजी चिडतील, निदान शिवी देतील असं वाटलं होतं. ते उठून बाहेर गेले आणि सीटवर तळहात ठेवला. मीही ठेवला. गाडी तासभर ओलीगार उभी होती. सीट गरम होती.

"आत्ता काढतो," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं काम आहे." पकड घेतली, पहिल्या खिळ्याला लावली.

त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या."

"गुरुजी, असं करू नका…"

"त्या दिवशी ती पडली ते मला कळलं नाही. आता इथं आहे. आता पडली तर कळेल मला."

मी तेव्हा ऐकायला नको होतं. सीट ओरबाडून काढायला हवी होती. पण माझी लबाडी नुकतीच उघडी पडलेली, मोठ्या आवाजात बोलायची माझी लायकी उरली नव्हती. लाज आड आली, दुसरं काही नाही. मी पकड खाली ठेवली.

गुरुजींनी किक मारली, नीट दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि निघाले. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. वळणाच्या अलीकडे, धुक्यात शिरता शिरता, त्यांचे दोन्ही पाय मला डाव्या बाजूला दिसले. मी काढून टाकलेली फळी जिथं होती तिथं लोंबकळत होते. दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. गाडी सरळ चालली होती, सावकाश, बेताने.

"गुरुजी," मी ओरडलो, "नीट बसा…"

धुक्यातून उत्तर आलं. आवाज त्यांचाच होता.

"हूं."

मी मोटारसायकल काढून मागं गेलो, पण दोन हातांपलीकडचं दिसेना, गावाबाहेरच्या तलावापासून परत फिरलो. तासभर त्यांना फोन लावत होतो, उचलत नव्हते. शेवटी प्रमिलाने घरचा नंबर मिळवून दिला. त्यांच्या आईने, धोंडीबाईंनी उचलला.

"आई, जव्हारहून भास्कर बोलतोय, सीटवाला. गुरुजी पोचले का?"

"आला ना. आताच गाडी दारात आली. मी चुलीपाशी हाय. आलास का रे, म्हणून विचारलं, तर हूं म्हणाला आन् माझ्या मागून आत गेला."

मला इतकं हायसं वाटलं की मी खालीच बसलो. म्हटलं, "जरा फोन द्या त्यांना."

गुरुजी आम्हाला संध्याकाळी सापडले. घरापासून चार किलोमीटर अलीकडे, रस्त्याच्या कडेला, मांडीचं हाड मोडलेलं. जीव वाचला. गाडीवरून कधी पडलो ते त्यांना अजून सांगता येत नाही. पण ते नंतरचं. तेव्हा मी फोन कानाला लावून बसलो होतो, आणि म्हातारी आत एक हाक मारून चाचपडत दाराकडे जात होती. तिची पावलं ऐकू येत होती. दार करकरलं. 

"गाडी हाय," ती म्हणाली. "नीट स्टँड लावून उभी हाय. देवराम नाही. सीटवर हाताला पीठ लागतंय…"

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"भास्कर," तिने एकदम हळू विचारलं, "मंग घरात कोण गेलं रे?"