बुटावरची पट्टी

कोण म्हणालं रे ते? पट्टी आवळली की काही होत नाही, असं आत्ता कोण बोललं?

तू का. बरं. मोबाइल खाली ठेव. दिवा घालवलास तरी चालेल, तुमची तोंडं बघायची मला हौस नाही. दोन मॅच जिंकलात की तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि लागतात तेव्हा असे वाकडे लागतात. घोटा टमाट्यासारखा फुगलाय आणि म्हणे पट्टी आवळली की झालं! पाय उशीवर ठेव. आणि ऐक.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. भाऊ म्हणायचे सगळे. क्लबची बस मी चालवायचो, आणि माझ्या मागच्या सीटवर ते बसायचे, मांडीवर पट्ट्यांची पेटी घेऊन. कागदावर फिजिओ. शिकले होते बघून बघून. पण हात असा, की घोट्याला बोट लावलं तर आत काय तुटलंय ते सांगतील. डावखुरे होते. पट्टी बांधून झाली की शेवटचं टोक उलट्या बाजूला दुमडून छोटासा कान ठेवायचे, धरून ओढायला. तसा कान दुसऱ्या कुणाच्या पट्टीला नसायचा. आणि त्यांचा एक नियम अख्ख्या टीमला पाठ होता. ज्यानं बांधली त्यानंच कापायची. खेळाडूनं स्वतः ओरबाडायची नाही, कातडी सोलून निघते.

तर दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची सतरा तारीख, शुक्रवारची रात्र. भाऊ बर्फ आणायला निघाले.

एवढंच काम. नऊ तास बस चालवून मी सगळ्यांना पावणेएकला लॉजवर आणून टाकलं होतं. लॉज म्हणजे काय, एका खोलीत चार खाटा, सहा माणसं आणि नळाला गंजाचं पाणी. तुम्हाला वाटतं ना, टीमबरोबर फिरायचं म्हणजे मज्जा? गुडघे तोंडाशी घेऊन नऊ तास बसायचं, ओल्या मोज्यांचा वास घेत झोपायचं आणि सकाळी उड्या मारायच्या, ही तुमची मज्जा. त्या रात्री चिमण्याचा गुडघा सुजला होता. चिमणा म्हणजे टीममधला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ पोरगा, एकोणीस वर्षांचा. आदल्या दिवशी पळता पळता वळला आणि गुडघ्यात कट्ट झालं. भाऊंनी हात लावला. आतला दोर तुटलाय, हे त्यांना तिथंच कळलं. सकाळी खेळला असता तर तो पाय जन्माचा गेला असता.

कळलं, पण बोलले नाहीत. का? तर सर शेजारी उभे होते.

आमचे सर! गळ्यात शिटी, तोंडात शिवी. स्वतः सात वर्षं राखीव खेळाडूंचा बाक झिजवला, त्यापलीकडे खेळाशी काडीचा संबंध नाही. पण दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलायला पुढे. कुणाचं बोट मोडलं, नाटक. कुणाचा खांदा निखळला, नाटक. स्वतःची दाढ दुखली तेव्हा मात्र मला मध्यरात्री उठवून बस काढायला लावली होती. पंचेचाळीस सीटची बस, एका दाढेसाठी.

सर चिमण्याला म्हणाले, "नाटकं बंद कर. सकाळी भाऊ आवळून देतील. काय हो भाऊ?"

"हो सर," भाऊ म्हणाले.

हो सर! त्या माणसाच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. वाईट नव्हते हो, भित्रे होते. सरांनीच नोकरीला लावलं होतं, सरच काढतील, एवढीच भीती. आणि त्या भीतीपायी माणूस किती खाली जातो ते मी याच डोळ्यांनी बघितलंय.

निदान बर्फ तरी लावू, म्हणून बादली घेऊन निघाले. लॉजवाल्याच्या फ्रिजमध्ये बर्फ कुठला, आत त्याच्या चपला होत्या. रस्त्यानं दहा मिनिटांवर बर्फाचा कारखाना, रात्रभर चालू. भाऊ चालत होते आणि डोक्यात एकच. त्याच्या आदल्या वर्षीची हीच तारीख.

त्या आदल्या वर्षी टीममध्ये शिडी होता. सहा फूट आठ इंच. लॉजचे बल्ब तो स्टूल न घेता बदलायचा. गरीब पोर. मॅच संपायला दहा मिनिटं उरली असताना बास्केटखालून बॉल काढायला उडाला, आणि खाली आला तो दुसऱ्याच्या बुटावर. घोटा आडवा झाला. भाऊ धावले. हात लावला, तर आत हाड हाडावर करकरत होतं.

"मोडलंय," भाऊ हळूच म्हणाले.

"दहाच मिनिटं राहिलीत," सर म्हणाले. "आवळा."

"सर, बूट काढून बघू द्या..."

"बूट काढलात तर परत जाणार नाही. उद्या दुसरी मॅच आहे. बुटावरूनच आवळा!"

भाऊंनी त्याला आतल्या खोलीत नेऊन आवळली. बुटावरून, दोन रोल. इतक्या घाईत की कानसुद्धा ठेवला नाही. पोरगा त्या पायावर दहा मिनिटं खेळला. मॅच जिंकली. सरांना लोकांनी खांद्यावर घेतलं.

मग रात्रभर बस, बाकी पोरं गाढ झोपलेली. शिडी सगळ्यात मागच्या लांब सीटवर आडवा, पाय मधल्या वाटेत. आरशात मला तो पाय दिसायचा. "भाऊ, पट्टी कापा ना. जाम आवळतेय." भाऊंनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. "सकाळी कापतो हं," भाऊ म्हणाले. तासाभरानं परत, "भाऊ, बोटं कळत नाहीयेत." "सकाळी हं, बाळा." त्या पोरानं स्वतः ओरबाडली असती तर वाचला असता. पण नियम पाठ होता ना! नखांनी चाचपलं थोडं, टोकच सापडलं नाही.

हो, मीही गप्प बसून बस चालवली. माझ्याकडे बघू नका असे. माझं मला माहीत आहे.

सकाळी पाय काळा. चौथ्या दिवशी पोरगा गेला. विष रक्तात भिनलं, डॉक्टर म्हणाले.

चौकशी झाली. पट्टी कुणी बांधली? भाऊ म्हणाले, त्यानं स्वतःच. शिडीचे वडील आले होते. शिंपी माणूस, गळ्यात टेप तशीच राहिलेली. त्यांनी एकच विचारलं. "दुखत होतं का हो त्याला? काही म्हणाला का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "काहीच नाही म्हणाला."

थू! त्या दिवसापासून मी भाऊंच्या हातचा चहा घेतला नाही.

असो. पुढचं भाऊंनीच मला नंतर सांगितलं. बर्फाची बादली घेऊन भाऊ लॉजपाशी आले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बर्फ गुडघ्याला बांधायचा तर पट्टी हवी, आणि पेटी बसमध्ये. बस लॉजसमोरच उभी. किल्ली त्यांच्याकडे. बादली पायरीवर ठेवली, दार उघडलं, आत चढले. पेटी जागेवर होती. सकाळसाठी चोवीस नवे रोल, कालच भरलेले.

पेटी उचलली. आणि सहज मागे बघितलं.

मधल्या वाटेत एक पाय होता.

मागच्या लांब सीटवरून बाहेर आलेला. मोठा बूट. बाकी सीटवर अंधार... पोरांपैकीच कुणीतरी येऊन झोपला असेल, असं वाटलं त्यांना. "कोण आहे रे?"



दोन सीट पुढे गेले. एवढ्या मापाचा बूट टीममध्ये आता कुणाचा नव्हता.

"भाऊ..."

आवाज ओळखीचा होता. दमलेला. लाडातलाच म्हणा ना, झोपेत बोलल्यासारखा.

भाऊ खाली बसले ते त्या बुटासमोरच. हात आपोआप पेटीत गेला, कात्रीकडे. एक वर्ष हेच स्वप्न पडायचं त्यांना, की आपण वेळेवर कापतोय. रडायला लागले. "कापतो रे, बाळा. आत्ता कापतो..."

"कापू नका," आवाज म्हणाला. "आवळा."

भाऊंनी कात्री खाली ठेवली.

"दहाच मिनिटं राहिलीत, भाऊ. आवळा."

भाऊंनी पहिला रोल फोडला. बुटावरून गुंडाळला. बोटांना आत कळत होतं... करकर. हाड हाडावर. रोल संपला.

"अजून."

दुसरा. तिसरा.

"घट्ट. नाटकं नकोत."

हात थांबवायचा प्रयत्न केला त्यांनी. हात थांबेना. सातवा. आठवा. करकर थांबली. आता आत काहीच नव्हतं. नुसता गारवा. पट्टीतून वर येणारा, बोटांतून मनगटात चढणारा.

"बोटं कळत नाहीयेत, भाऊ."

"मग कापू दे ना रे..."

"सकाळी हं."

बारावा. खिडक्यांना धुकं धरलेलं. पंधरावा. नखं सोललेली. विसावा... पट्टी फाडल्याचा चर्र आवाज. पुन्हा चर्र. तेविसावा. चोविसावा.

संपले.



मग अगदी कानाशी, "टोक सापडत नाही, भाऊ."

भाऊंनी टोक दुमडलं. कान केला.

उजाडलं.

मी साडेसहाला खाली आलो तर बसचं दार सताड उघडं. पायरीवर बादलीत पाणी. आत वाटेत भाऊ बसलेले, मांडीभोवती पुठ्ठ्याच्या चोवीस रिकाम्या नळ्या, आणि दहाही बोटं रक्ताळलेली. मागची सीट रिकामी. मी सीटखाली, टपावर, गटारात, सगळीकडे शोधलं. पट्टीचा एक तुकडा सापडला असेल तर शपथ.

आठ वाजता हॉलमध्ये सर ओरडले, "भाऊ, चिमण्याला आवळा!"

भाऊंनी पेटी उलटी केली. नळ्या घरंगळत कोर्टवर गेल्या. सरांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"पट्टी संपली," भाऊ म्हणाले. "आणि असती तरी बांधली नसती. पोराचा गुडघा फाटलाय. चिमण्या, बूट काढ."

"डोकं फिरलंय का? नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. आणि सगळ्यांनी ऐका. गेल्या वर्षी शिडीच्या बुटावर पट्टी मी बांधली होती. यांनी सांगितलं आणि मी बांधली. तो रात्रभर ओरडत होता. हे ऐकत होते, मी पण ऐकत होतो."

सरांनी शिटी तोंडात घातली, पण फुंकायला वारा राहिला नव्हता. सगळ्या टीमनं एकेक करून बूट काढले. आणि सर, एवढा फुशारक्या मारणारा माणूस, मागच्या दारानं निघून गेला.

चिमण्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आज खेळतोय तो.

भाऊंनी मात्र धीर गोळा करायला आठ दिवस घेतले. भित्रा माणूस तो, एका रात्रीत कुठला सिंह होतोय! नवव्या दिवशी मला म्हणाले, चला बरोबर. शिडीच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले शर्ट. वडिलांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. भाऊंनी तोंड उघडायच्या आधीच ते उठले, कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं.

"हॉस्पिटलनं पट्टी कापून बूट परत दिला होता," ते म्हणाले. "वर्षभर पुसून कपाटात ठेवलाय. किल्ली माझ्याच कमरेला असते. त्या शनिवारी सकाळी उघडलं तर हे."

दोन्ही हातांनी त्यांनी ते बाहेर काढलं. भोपळ्याएवढं होतं. पांढरं. नुसत्या पट्ट्यांवर पट्ट्या.

"आठ दिवस टोक शोधतोय," वडील म्हणाले. "कात्री लावायला मन होईना."

वडिलांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वर्षापूर्वी विचारलेलंच परत विचारलं, त्याच आवाजात.

"दुखत होतं का हो त्याला?"

"हो," भाऊ म्हणाले. "खूप. रात्रभर म्हणत होता, पट्टी कापा. मी कापली नाही."

शिंप्यानं मग मशीनवरची मोठी कात्री उचलली, भाऊंच्या मांडीवर ठेवली आणि ते पांढरं गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

भाऊंनी ते एकदाच फिरवलं. अंगठा थांबला. मी वाकून बघितलं.

टोकाला कान होता. उलट्या बाजूला दुमडलेला.