डावी नळी

जुनी बंदूक विकत घ्यायला निघालेल्या माणसाइतका मूर्ख मी दुसरा पाहिलेला नाही, आणि ती विकणाऱ्याइतका खोटारडाही नाही. या दोघांच्या मध्ये बसून मी उभं आयुष्य काढलं. नांदेडात माझं बंदुकांचं दुकान आहे, परवाना वडिलांच्या काळापासूनचा. ज्याच्या त्याच्या घरातली गंजकी दुनळी निजामानं बक्षीस दिलेली असते आणि ज्याच्या त्याच्या आजोबानं तिच्यानं वाघ लोळवलेला असतो. मी ऐकून घेतो, नळीला डोळा लावतो आणि भाव सांगतो. मग तोच वाघवाला नातू माझ्याशी घासाघीस करतो.

दसऱ्याच्या आधी लातूरचा व्यंकट आला. पेट्रोल पंपांवर गबर झालेला गडी. गळ्यात साखळी, बोटांत खडे. परवाना काढून बसला होता, पण बंदूक नव्हती. नव्या बंगल्यात शस्त्रपूजेला विलायती दुनळी मांडायची, चार लोकांना फोटो काढू द्यायचे, एवढीच त्याची हौस.

"अप्पा, किनवटकडं माल हाय. असली इंग्लंडचा. तुम्ही निस्तं बघून सांगा, वाजवी किती द्यावं ते."

सकाळी त्याच्या गाडीतून निघालो. भोकर मागं पडलं तरी त्याचं तोंड बंद होईना. नेम कसा धरायचा, हे तो मला शिकवत होता. या माणसानं आयुष्यात जत्रेतला फुगासुद्धा फोडला नसेल. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

किनवटच्या पुढं, जंगलाला लागून शेत होतं. मधोमध स्लॅबचं घर आणि चहूबाजूंनी माणूस बुडेल एवढी तूर. घरमालक अण्णाराव उन्हाळ्यात वारले होते. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून त्यांनी ही बंदूक ठेवलेली. आता परवाना त्यांच्या बायकोच्या, सिंधुबाईंच्या नावावर झाला होता. बाईंनी आम्हाला पडवीत बाजेवर बसवलं आणि मी काही विचारायच्या आत सुरू केलं, "लई खानदानी चीज हाय, अप्पा. यांच्या आजोबाला एका नवाबानं..."

"बाई, बंदूक आणा," मी म्हणालो.

अंगणात एक बाई सुपात डाळ निवडत बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. व्यंकटनं पाणी मागितलं तसं सिंधुबाईंनी तिला हाक मारली. ती तांब्या ठेवून परत गेली.

"ही नागुबाई. हिचा नवरा मारोती आमच्याकडंच राखणीला होता. गेला तेलंगणात, पळून. वर्षं झाली, ही अजून वाट बघून राहिली," सिंधुबाई हसत म्हणाल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

बंदूक मात्र खरंच चांगली होती. बारा बोअरची, नळ्या शेजारी शेजारी. दस्ता अक्रोडाचा, कुठं चीर नाही. नळ्यांवरचा आणि दस्त्याच्या बाजूचा नंबर एकच. जोडून मिटली की सांध्यातून उजेड दिसत नव्हता. व्यंकटच्या बंगल्यात गंजत पडायला फार चांगली, असं माझ्या मनात आलं.

मी नळ्या वेगळ्या काढल्या, भर दुपारच्या उन्हाकडं तोंड करून उजवीला डोळा लावला. आत आरशासारखी लखलखीत उजेडाची कडी, एकात एक, थेट टोकापर्यंत. डाग नाही.

मग डावीला डोळा लावला.

काळोख.

कुंभारमाशीनं घर केलं असेल, म्हणून मी नळी साफ करायचा गज घेतला, टोकाला फडकं गुंडाळलं आणि घातला. तो सरळ दुसऱ्या टोकानं बाहेर आला. फडक्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता. पुन्हा डोळा लावला.

काळोखच. नुसता काळोख नव्हे, ओला... आणि तो हलला. वरून खाली पापणी मिटावी तसा मिटला आणि उघडला. माझ्या डोळ्यावर उबदार वाफ आली. तिला ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास होता.

मी नळी खाली घेतली. समोर अंगण, ऊन, एक कोंबडी. बस्स.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी दुकानाच्या पायरीवरून हाकलतो. म्हणून मी स्वतःलाच मनातल्या मनात एक शिवी घातली. वय झालं, डोळा दाखवायला हवा, असं म्हणून पुढचं काम हाती घेतलं. दोन नळ्यांचा जोड पक्का आहे की सुटलाय, ते आवाजावरून कळतं. नळ्या बोटावर लोंबत्या धरायच्या आणि मधोमध बोटाच्या पेरानं ठोकायचं. जोड सुटलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखं वाजतं.

मी ठोकलं. देवळातल्या घंटेसारखा लांब, स्वच्छ नाद निघाला. तो विरत विरत तुरीपर्यंत गेला असेल नसेल...

"हाव... आलो."

तुरीतून. पुरुषाचा आवाज. हाक मारल्यावर गडी ओ देतो तसा.

नागुबाईच्या हातातलं सूप पडलं, डाळ अंगणभर झाली. ती उठून पडवीच्या कडेला आली. पदर सावरायचंही तिला भान नव्हतं.

"त्योच हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "अप्पा... परत एकदा वाजवा ना."

मी नळ्या मांडीवर आडव्या घेतल्या.

"काय येड लावलंय रे हे!" व्यंकट खो खो हसला. "शेजारचा गडी असंल. आणा इकडं." त्यानं माझ्या हातातून नळ्या घेतल्या, एक डोळा मिटला आणि डावीत बघितलं. हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त आवाज बंद झाला. त्यानं नळ्या हलक्या हातानं बाजेवर ठेवल्या, उठला आणि गाडीकडं चालायला लागला. एका पायात चप्पल, दुसरी पडवीतच. नेम शिकवणारा हा वाघ!

सिंधुबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माझ्या कानाशी आल्या.

"यांनी मुद्दाम न्हाई केलं, अप्पा. तुरीत काहीतरी हललं... यांना डुक्कर वाटलं... डावी नळी झाडली. जाऊन बघितलं तर मारोती."

"मग?"

"तिथंच... खड्डा केला. आन सगळ्यांना सांगितलं, तेलंगणात गेला म्हणून. त्यानंतर डावीला यांनी कधी हात लावला न्हाई."

"आणि हिला वर्षानुवर्षं कुंकू लावू दिलंत. वर हसता."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पण... आता भाव किती येईल?"

थुंकावंसं वाटलं. "हिला भाव नाही," मी म्हणालो. "ठाण्यात जमा करा आणि मला सांगितलं ते सगळं तिथं सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगीन." हे मी रुबाबात बोललो खरं, पण नळ्या परत दस्त्याला जोडायला मी थांबलो नाही. नागुबाई तिथंच उभी होती, बाजेवरच्या नळ्यांकडं बघत. तिच्या नजरेला नजर न देता मी गाडीत बसलो.

परतीच्या वाटेवर व्यंकट एवढंच बोलला, "किंमत जास्तीच होती, न्हाई का अप्पा?"

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन केला. चौकशी करतो म्हणाले. दसरा उलटल्यावर सिंधुबाईंचाच फोन आला. आवाज ओळखू येईना.

"अप्पा, तुम्ही गेल्यावर नागुबाईनं नळ्या उचलल्या. वाजवत वाजवत तुरीत गेली. दिवस मावळता परत आली. आता डावी नळी साफ झाली. आरपार उजेड दिसतो."

"आणि नागुबाई?"

"हाय ना. घरातच ऱ्हाती. चुलीपुढून हलत न्हाई. दोन ताटं वाढती. दोन्ही रिकामी व्हत्यात... मला तर ती एकलीच दिसती, अप्पा." मग त्यांचा आवाज अजून खाली गेला. "परवापासून ती मला इचारून राहिली, मालकीणबाई, तो म्हणतो, मालक कोण्या खोलीत निजायचे?"

"तुम्ही काय सांगितलं?"

त्या कुजबुजल्या.

"मी काय न्हाई सांगितलं. पण आज सकाळपासून यांच्या खोलीचं दार आतून बंद हाय, अप्पा. आन नागुबाई तर माझ्यासमोर बसलीय."