शिवेचं ढेकूळ

सन बावन्नचा उन्हाळा. मोजणी होती म्हणून गेनबा न्याहारी करून बांधावर गेला. खडकवासल्याच्या वाटेवर, लष्कराच्या जमिनीला लागून त्याचं शेत. कडेला विहीर.

पुण्याहून आलेले मोजणीदार शमशुद्दीन दोन जुने नकाशे पसरून बसले होते.

"इंग्रजांच्या वेळचं भांडण आहे, गेनबा. कर्नल म्हणे विहीर लष्कराची, कलेक्टर म्हणे गावाच्या हद्दीतली. दोघे विलायतेला गेले, भांडण तेवढं इथे ठेवून गेले."

"आन् आमी?"

"विहीर गावाकडे लागली तर तुझी. नाहीतर तारेचं कुंपण पडेल. जुन्या रीतीने शीव चालून दाखव. तसा पंचनामा करतो."

रीत सोपी होती. अंघोळ करून, ओलेत्याने, शिवेचं ढेकूळ डोक्यावर घेऊन हद्द चालायची. खोटं चालणाऱ्याला माती सोडत नाही, असं म्हणत. साहेबांच्या भांडणात गेनबाचा चुलता भैरू असाच चालला होता. खरी शीव विहिरीच्या अलीकडून जाते, विहीर लष्कराकडे राहते. तो पलीकडून वळला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. शीव अर्धीच राहिली. ढेकळाखाली डोक्यावर घेतलेली त्याची लाल काठाची चुंबळसुद्धा सापडली नाही.

गेनबा निघाला. टळटळीत दुपार. पाखरू ओरडत नव्हतं. विहिरीवर त्याची बायको सोजर रिकामी बादली घेऊन उभी होती. कोसभर दुसरं पाणी नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो पलीकडून वळला.

ढेकूळ जड झालं. मान खाली दबू लागली. मागे कोरड्या मातीवर ओली पावलं वाजली... चपक... चपक. जुन्या गाळाचा वास आला.

"कोन हाय...?"

"चल," कानाशी कुणी खोकलं. "थांबू नगंस... अर्धीच ऱ्हायलीया..."

गेनबाने मागे पाहिलं नाही. तो शेवटच्या दगडाशी पोचला, तेव्हा पावलं थांबली.

शमशुद्दीननी ढेकूळ उतरवलं. "एवढंसं तर आहे. घाम किती हा." मग पंचनाम्यावर त्याचा अंगठा घेतला. विहीर त्याची झाली.

सोजरने पहिली बादली वर ओढली.

"अवो... हिकडं या जरा."

बादली पाण्याने काठोकाठ भरली होती. पाण्यावर मातीचं ढेकूळ तरंगत होतं. विरघळलं नव्हतं. गेनबाने भीतभीत उचललं, तर कोरडंठाक. बुडाला लाल काठाची चुंबळ चिकटलेली.

ती अजून अंगासारखी गरम होती.