बिनआवाजाचा पंखा

सत्यभामाबाईंना दमा. भनपुरीच्या घरात त्यांची खाट आणि मुलगा प्रशिक याचा कॉम्प्युटर एकाच खोलीत. तो घरूनच ट्रान्सपोर्टवाल्यांचं टायपिंग करायचा.

"बापू, या कॉम्प्युटरची घरघर डोक्यात घुसून राहिली रे माह्या," त्या म्हणाल्या. म्हणून त्यानं सदर बाजारातून प्रोसेसरचा बिनआवाजाचा पंखा आणला आणि थंडीतल्या एका दुपारी बसवला.

मशीन सुरू होताच बीप वाजू लागला. पडद्यावर लाल सूचना: पंख्याची गती फार कमी. मिनिटाला वीस फेरे.

पंखा तर असा भन्नाट फिरत होता की पाती दिसत नव्हती. मशीन बंद करून त्यानं वायर दुसऱ्या पिनांवर लावली. आता अठरा. शेवटी दुकानदार विनायकला फोन लावला.

"साइलेंट फैन कम ही दिखाता है, भैया. सेटिंग में जाकर वॉर्निंग बंद कर दो."

त्यानं केली. बीप थांबला; आकडा तेवढा पडद्याच्या कोपऱ्यात राहिला. खोली कधी नव्हे इतकी शांत झाली, आणि त्या शांततेत आईचा श्वास ऐकू आला... ओढलेला, अडखळणारा. त्यानं घड्याळ लावून मोजला. सोळा.

कोपऱ्यातही सोळा.

मग चौदा. अकरा. आईचे ओठ निळे पडू लागले.

"रुचिता!"

शहरातल्याच तेलीबांध्याहून भेटायला आलेली बहीण स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं अँब्युलन्स बोलावली, आईचे तळवे चोळले, पडद्यावरचा आकडा तिच्या श्वासाबरोबर उतरताना पाहिला.

"बंद कर दे भैया! यही खींच रहा है उसको!"

"अन्... तिचा श्वास यानंच सुरू असला तर?"

त्यानं बटणावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. नऊ. सात. काहीच ठरेना. तेवढ्यात वीज गेली.

पडदा काळा झाला. दोघांनीही श्वास रोखला. आईचा ऐकू येईना...

मग तिनं एक लांब श्वास घेतला. "बापू... आता बरं वाटून राहिलं."

रुचिता हमसून रडली. प्रशिकनं कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात पाहिलं. पंखा फिरत होता. सावकाश, एका श्वासाला एक फेरा. त्यानं प्लग उपसला, तरी थांबला नाही.

अँब्युलन्सवाल्यांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि आईला रुचिता आपल्या घरी घेऊन गेली. प्रशिकनं डब्यावर मच्छरदाणी बांधली आणि घर सोडणंच सोडलं.

काल जाळीच्या फटीतून दिव्यावर आलेली एक पाकोळी आत शिरली, पात्याला आपटली. पंखा क्षणभर अडखळला.

त्याच क्षणी फोन वाजला.

"भैया... आई को अभी ज़ोर का ठसका लगा. तूने हाथ तो नहीं लगाया न?"