दहा मिनिटं पुढे

काल्हेरच्या आमच्या गोडाऊनमध्ये हजेरीचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला प्रितेश आला, तेव्हा हजेरीची क्लार्क म्हणून मीच त्याच्या शेजारी बसले होते. पाच वाजता नवशाला कामावरून काढणार होते. तीनदा उशीर झाला की घरी, हा आमच्या मालकांचा, केसरीनाथ साहेबांचा नियम. बाकीचे पंधरा मिनिटं आधीच येतात; नवशा बिचारा हमाल, अगदी ठोक्याला येणारा, सगळ्यांना सांगत होता, “मी टायमावर येतो, मशीन खोटं बोलतंय.” म्हणून हा कॉम्प्युटरवाला बोलावलेला. मेला दिसायलाही बरा होता.

“धम्मदिना मॅडम, आतला सेल संपलाय,” तो खोक्यात डोकं घालून म्हणाला. “दर शुक्रवारी इथली लाइट जाते, तेव्हा घड्याळ पार मागे जातं. मग शनिवारी टाइम कोण लावतं?”

“लागत असेल आपोआप... नेटवरून.”

“ते तर बंद आहे इथे.” त्याने वर पाहिलं. “आणि टाइम बरोब्बर दहा मिनिटं पुढे आहे. तुमच्या मनगटावरच्या घड्याळासारखा.”

मी मनगट टेबलाखाली घेतलं. शेलारहून कामावर येताना रिक्षा चुकू नये म्हणून मी घड्याळ पुढे ठेवते. तेच बघून कॉम्प्युटरला टाइम लावत होते, बावळटासारखी.

“फार निरखून बघता हो तुम्ही,” मी उसनं अवसान आणलं.

“आधी घड्याळच बघत होतो... खरंच.”

लाजावं की रडावं कळेना. घरात कमावणारी मी एकटी.

त्याने नवा सेल बसवला, नेटवरून वेळ घ्यायची सोय चालू केली. मग हळूच म्हणाला, “रिपोर्टमध्ये ‘सेल खराब’ एवढंच लिहितो. तुमचं नाव येणार नाही.”

“आणि नवशा?”

“सेल संपला की घड्याळ मागे पडतं... म्हणजे मशीनने दाखवलं त्याहूनही तो उशिरा आला, असं होईल.”

मी उठले. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

“साहेब, टाइम मी लावत होते. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.”

“मंजी नवशा टायमावर येत व्हता?”

“हो.”

“त्याला सांग, कामाला लाग म्हणावं. तुझं काय करायचं ते सोमवारी बघतो.”

बाहेर प्रितेश उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. “मी चुकीचं लिहिणार होतो, धम्मदिना. तुमची नोकरी गेली तर पुन्हा भेटाल कुठे... एवढंच डोक्यात आलं.”

“माझ्यासाठीसुद्धा खोटं लिहायचं नाही.”

“नाही लिहिणार. पण एक खरं सांगू? मला तुम्ही आवडलात.”

सोमवारची भीती होतीच. तरी म्हटलं, “मलाही... सोमवारी गेटवर थांबा. साहेबांनी काढलं, तर मला एकटीला बाहेर यायचं नाही.”