पाहुणीसाठी पुऱ्या

रोह्याला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये त्या दुपारी एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती नेमकी माझ्यासमोरची. एक तरुण आला, बसला, डबा अर्धाच उघडला आणि झाकण आडवं धरून गुपचूप खायला लागला. मला कुठलं राहवतंय! वाकून पाहिलं, तर आत तांदळाची भाकरी. पांढरीशुभ्र, मऊ, पदर सुटलेली.

"लपवताय कशाला?"

"सगळे चपाती खातात इथं. भाकरी बघून हसतात."

"ही... चपातीच्याच तव्यावर भाजतात का तुमच्याकडे?"

त्याचा घास हातातच राहिला. "तुम्ही तपासणीला आलाय का?"

मी हसले, पण प्रश्न खराच होता. त्याला कारणही सांगितलं. गव्हाचा कणही माझ्या आतड्यांना सोसत नाही. पोळी, रवा, बिस्कीट, काहीही पोटात गेलं की काही दिवस अंथरूण धरायचं. यावर गोळी नाही, जन्मभराचं पथ्य तेवढं आहे.

त्याचं नाव हितेश. पेणजवळ धरमतर खाडीच्या काठावरचा. "आमच्याकडं गहू येतो तो सणाला नाय तर पाहुण्याला," तो म्हणाला, आणि अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात एक जास्तीची भाकरी होती. तिसऱ्या दिवशी तो माझ्याआधी येऊन खुर्ची अडवून बसला होता.

"माझ्यासाठी येतेस की भाकरीसाठी, दिपिका?" एकदा त्यानं विचारलं.

"भाकरीसाठी. तू आपला... सोबत असतोस."

असे महिने गेले. मग एके दिवशी तो मान खाली घालून म्हणाला, "आये म्हनते, पोरीला जेवायला आन."

मी घास खाली ठेवला. माझं एक जमत आलेलं लग्न या पथ्यावरून मोडलं होतं. "घरात दोन चुली कोण मांडणार?" असं मुलाच्या आत्यानं विचारलं होतं, तेही माझ्यासमोर.

"माझ्या आजाराचं घरी बोलू नकोस," मी हितेशला बजावलं. "दर वेळी माझ्याआधी तोच जाऊन पोचतो. मीच सांगेन."

"जेवणाआधी सांग पन."

"हो रे बाबा."

कसलं काय! त्याच्या आईनं, काशीबाईंनी, दारातच माझे दोन्ही हात धरले. शेजारणी बघून गेल्या. मला कौतुकात सांगायला फटच मिळेना... म्हणजे मिळत होती, धीर होत नव्हता. आणि मग ताट आलं. टम्म फुगलेल्या पुऱ्या, तुपातला शिरा, रव्यात घोळवून तळलेला जिताडा मासा. पाहुणी म्हणून माझा मान राखायला सगळं गव्हाचं केलेलं. आतून मात्र भाजलेल्या भाकरीचा वास येत होता.

हितेशचा चेहरा उतरला. "आये, तिला..." मी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. पुरीचा तुकडा मोडला. एवढासा तुकडा, खाऊन टाकावा आणि पडावं आजारी, असं क्षणभर वाटलं. पण मग जन्मभर या घरात मी खोटीच जेवणार होते.

"काकू," मी तुकडा खाली ठेवला, "मला गहू चालत नाही. आजार आहे. कधीच बरा न होणारा."

काशीबाई उठल्या आणि तडक आत गेल्या. संपलं सगळं, मला वाटलं. माझे डोळे भरून आले.

त्या बाहेर आल्या त्या कोरं ताट, भाकऱ्यांची टोपली आणि कालवणाचं भांडं घेऊन. "मगासपासना लपवतेय ह्या," त्या म्हणाल्या. "कंपनीतली पोरगी, भाकरी बघून नाक मुरडंल म्हनून. पीठ शेजारून मागून आनलं गो मी. पुऱ्या लाटता लाटता नाकी नऊ आलं."

"ह्या पुऱ्यांच्या आधीच्या ना?" मी भीत भीत विचारलं.

"सकाळच्या. आनि भाकरीच्या तव्यावर चपाती टाकली असती, तर सासूनं हाकलली असती मला." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "तुला ठावं होतं नं? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. हात धुऊन मी नव्या ताटावर बसले. छातीवरचं ओझं उतरलं की केवढी भूक लागते! परक्या घरात मी कधीच पुन्हा वाढून घेतलं नव्हतं. आज ताट पुढे केलं.

"आणखी एक द्या, आये."

काशीबाई गालात हसल्या आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

"आये?" हितेश हळूच म्हणाला. "मी अजून काय विचारलं पन नाय..."

"मग विचार ना," मी कालवणात भाकरी बुडवली. "पण जेवण झाल्यावर. उत्तर हो आहे, आणि मला भूक लागलीय."