दोनशे बारा मैलांपुढची जमीन

कुणाचा विश्वास बसो न बसो. जे ऐकलं ते मी याच कानांनी ऐकलंय.

या जानेवारीतली गोष्ट. न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. गुरुवार, दुपारचे साडेतीन. भुतांची ही वेळ नव्हे, पण त्यांना कोण सांगणार.

मी सुलेखा, मूळची नागपूरची. एका खाजगी संग्रहातले जुने नकाशे स्कॅन करून कॉम्प्युटरवर बसवणं हे माझं काम. नोकरी लावून दिली बाबांचे मित्र अतुलकाकांनी. माझे मॅनेजरही तेच.

त्या दिवशी अंटार्क्टिकाचा नकाशा होता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन मोहिमेचा. कॅप्टनला लांबून डोंगर दिसले. त्याने बर्फात झेंडा रोवला आणि तो मुलूख आपला म्हणून जाहीर करून टाकला. दिसलं की आपलं!

सोबत सर्व्हेअर टोबायस रीडची वही होती. स्लेजच्या मागे मोजणीचं चाक लावून तो त्या डोंगरांकडे एकटा निघाला. चाकाचा एक फेरा, एक टक. शेवटची नोंद अशी: "दोनशे बारा मैल. जमीन नाही. डोंगर हा भास."

तो परत आलाच नाही; शोधायला गेलेल्यांना फक्त स्लेज आणि ही वही मिळाली. कॅप्टनने लिहून ठेवलं, रीडला वेड लागलं होतं.

मी सॅटेलाइटचे फोटो तपासले. तिथे खरंच जमीन नाही. काकांना दाखवलं.

"कॅप्टनची नात आपल्या बोर्डवर आहे," काका म्हणाले. "कॅप्टनच्या जमिनीचा किनारा दाखव, वही स्किप कर. तुझ्या व्हिसाचा विचार कर, बेटा."

मी मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

माउसने किनारा काढायला घेतला.

टक...

हीटर असेल.

टक... टक...

हीटर बंद पडला. बाहेरच्या गाड्यांचा आवाजही गेला. उरलं फक्त ते चाक. कॉरिडॉरमधून माझ्याकडे येणारं.

दारात कुणीच नव्हतं.

आवाज माझ्या खुर्चीमागे येऊन थांबला...

मी घाबरले. मग स्वतःचाच राग आला. मेलेला माणूस शंभर वर्षं आपला शब्द सोडत नाही, आणि मी एका व्हिसासाठी शेपूट घालतेय?

"थांब, पुसते," मी म्हणाले. मराठीतच.

किनारा पुसला. खाली टीप लिहिली, "रीडचं म्हणणं खरं आहे." माझं नाव टाकलं आणि फाइल सबमिट केली.

हीटर सुरू झाला.

सोमवारी मला काढलं. आता अमेरिकेत राहायचं तर साठ दिवसांत दुसरी नोकरी हवी.

काल दुपारी काकांचा फोन आला. "एक मेल टाक. टीप चुकून लिहिली म्हण. मी तुला परत घेतो."

"नाही जमणार, काका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पण खोटं कशाला बोलू? नंतर लॅपटॉप उघडला. "माझी चूक झाली" एवढं टाइप केलं.

फ्रिजची घरघर थांबली.

टक...

माझ्या अपार्टमेंटच्या जिन्यावर.

मी ओळ खोडली. लॅपटॉप मिटला. दाराकडे बघून ठणकावलं, "पाठवणार नाही. व्हिसा गेला तरी नाही."

आवाज दाराशी येऊन थांबला.

आज दुसरा दिवस. फ्रिज अजून गप्प आहे. रीड दाराशीच आहे. माझ्या शब्दावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.